शरीरांतील लोखंडाचा कण आणि चुंबकाचें यंत्र

मनुष्याच्या देहाचा अंतर्भाग शस्त्र न लावतां पाहतां यावा, ही वैद्यांची फार जुनी इच्छा होय. इ. स. १८९५ मध्यें जर्मनींतील रंटगेन या शास्त्रज्ञानें क्ष-किरण शोधून काढले आणि त्या इच्छेचा पहिला भाग सफल झाला. हाडें दिसूं लागलीं; परंतु मेंदु, मज्जारज्जु, सांध्यांतील कूर्चा, स्नायु इत्यादि मृदु भाग क्ष-किरणांच्या चित्रांत नीट उमटत नाहींत. ही उणीव ज्या यंत्रानें मोठ्या प्रमाणांत भरून काढिली, त्यास आज आपण एम्. आर्. आय्. या आद्याक्षरांनीं ओळखतों.

करमाळा तालुक्याच्या खेड्यापाड्यांतहि हें नांव आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. कोणाची कंबर धरते, कोणास अर्धांगवायूचा झटका येतो, दुचाकीवरून पडून कोणाच्या डोक्यास मार लागतो, आणि डॉक्टर ‘एम्. आर्. आय्. करून घ्या’ असें सांगतात. मग जेऊरच्या स्थानकावर आगगाडींत बसून अथवा एस्. टी.नें सोलापूरची किंवा पुण्याची वाट धरावी लागते. घरांतील शिकलेला मुलगा अगर मुलगी बरोबर जाते, आणि तेथील छापील कागद वडील माणसांस वाचून दाखविण्याचें काम पुष्कळदां तिच्याच वांट्यास येतें. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखा आहे.

या यंत्राविषयीं आपल्या लोकांत दोन समजुती आढळतात. कित्येक म्हणतात, ‘हा एक मोठा फोटोच आहे, निजून राहावें व परत यावें, यांत काळजी ती कसली?’ दुसरे कित्येक म्हणतात, ‘ज्याच्या अंगांत सळई किंवा पट्टी घातली आहे, त्यानें त्या खोलीच्या वाऱ्यासहि उभें राहूं नये.’ या दोन्ही समजुती अर्धवट आहेत. पहिलीमुळें मनुष्य दृष्टीस किंवा प्राणास मुकण्याचा संभव असतो, व दुसरीमुळें आवश्यक तपासणी टळून रोग वाढतो. तेव्हां खरें काय तें पाहूं.

यंत्र कसें चालतें

आपल्या देहाचा अर्ध्याहून अधिक भाग पाणी आहे, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूंत हायड्रोजनचे दोन अणु असतात. या अणूचा गाभा एखाद्या अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. एरवीं हे सूक्ष्म चुंबक वाटेल त्या दिशेस तोंड करून असतात. त्यांस प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत ठेविलें, म्हणजे त्या क्षेत्राच्या दिशेस वळलेल्यांची संख्या किंचित् वाढते. नंतर रेडिओच्या लहरी सोडल्या कीं ते डळमळतात, आणि लहरी थांबवितांच पूर्वस्थितीस येतांना स्वतःच क्षीण लहरी बाहेर टाकतात. त्या टिपून गणकयंत्र चित्र तयार करतें. अणुगर्भाच्या या वर्तनाचा शोध १९४६ मध्यें अमेरिकेंत ब्लॉख व पर्सेल यांनीं स्वतंत्रपणें लाविला, व त्याबद्दल १९५२ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. त्यावरून चित्र काढण्याची रीत १९७० नंतरच्या दशकांत पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांनीं सिद्ध केली. त्यांस २००३ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. या तपासणींत क्ष-किरण मुळींच वापरीत नाहींत, हा तिचा मोठा गुण होय.

परंतु या यंत्राचा प्राण जो चुंबक, त्याची शक्ति ध्यानांत घ्यावयास हवी. होकायंत्राची सुई ज्या शक्तीनें उत्तरेकडे वळते, ती पृथ्वीची चुंबकशक्ति आपल्या प्रदेशांत सुमारें ०.००००४ टेस्ला भरते. रुग्णालयांतील नेहमींच्या यंत्राची शक्ति १.५ टेस्ला व कांहीं यंत्रांची ३ टेस्ला असते. विद्यार्थ्यांनीं १.५ ला ०.००००४ नें भागून पाहावें. भागाकार ३७,५०० येतो. होकायंत्राची हलकी सुई हलविणारी शक्ति इतक्या पटीनें वाढविल्यावर लोखंडाचें काय होईल, याची कल्पना त्यावरून यावी.

हा चुंबक विजेच्या प्रवाहानें निर्माण झालेला असला, तरी घरांतील पंख्याप्रमाणें कळ दाबतांच तो बंद होत नाहीं. नायोबियम व टायटॅनियम या धातूंच्या मिश्रणाच्या तारेचें वेटोळें द्रवरूप हेलियममध्यें उणें २६९ अंश सेल्सिअस इतक्या थंडींत ठेविलेलें असतें. एवढ्या थंडींत तारेचा विरोध नाहींसा होतो, आणि एकदां सोडलेला प्रवाह बाहेरच्या विजेवांचून फिरत राहतो. दिवे गेले, तपासणी संपली, सुट्टीचा दिवस आला, तरी चुंबक जागाच असतो. निकडीच्या प्रसंगीं हेलियम बाहेर सोडून त्याची शक्ति नाहींशी करतां येते; पण तो उपाय खर्चाचा आहे व त्यास वेळ लागतो. ज्या गांवांत वीज जातांच पिठाची गिरणी व विहिरीवरील मोटार थांबते, तेथील माणसास ‘यंत्र बंद आहे’ हें शब्द सहज खरे वाटतात. या यंत्रापुरते ते कधींहि खरे मानूं नयेत.

मुंबईची व खारघरची घटना

मुंबईच्या नायर रुग्णालयांत २७ जानेवारी २०१८ रोजीं घडलेली घटना महाराष्ट्रास विसरतां येणार नाहीं. एका नातलग रुग्णाबरोबर गेलेला ३२ वर्षांचा तरुण प्राणवायूचें नळकांडें घेऊन या यंत्राच्या खोलींत शिरला. यंत्र बंद आहे असें त्यास सांगण्यांत आलें होतें, असें त्याच्या आप्तांनीं सांगितलें. चुंबकानें तें धातूचें जड नळकांडें त्याच्यासह यंत्राकडे खेचलें, आणि त्यांत त्या तरुणाचा अंत झाला. त्यापूर्वीं नोव्हेंबर २०१४ मध्यें नवी मुंबईंतील खारघर येथें टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेंत असेंच नळकांडें ओढलें जाऊन एक सेवक व एक तंत्रज्ञ हे यंत्र आणि नळकांडें यांच्यामध्यें सुमारें चार तास अडकून पडले होते. अमेरिकेंतहि २००१ मध्यें न्यूयॉर्कजवळील एका रुग्णालयांत अशाच नळकांड्याच्या आघातानें सहा वर्षांचा बालरुग्ण दगावला.

या तिन्ही प्रसंगीं लोखंड शरीराबाहेर होतें व सर्वांच्या डोळ्यांस दिसत होतें. तरीहि अनर्थ टळला नाहीं. मग जें लोखंड शरीराच्या आंत असतें, कातडीखालीं झांकलेलें असतें, आणि ज्याचा बाळगणाऱ्यासहि विसर पडलेला असतो, त्याविषयीं किती जपावयास हवें!

चुंबकाचीं कामें चार

शरीरांतील धातूवर या यंत्राचे परिणाम चार प्रकारचे होतात. पहिला ओढण्याचा. ही ओढ यंत्राच्या तोंडाशीं सर्वांत अधिक असते. कारण तेथें थोड्याच अंतरांत चुंबकशक्ति झपाट्यानें बदलते. म्हणून आंत जातांना व बाहेर येतांना धोका विशेष. दुसरा परिणाम वळविण्याचा. लांबट आकाराचा लोखंडी तुकडा होकायंत्राच्या सुईप्रमाणें क्षेत्राच्या दिशेस वळूं पाहतो. टोंकदार तुकडा असा वळला, तर भोंवतालचा भाग कापला जातो. तिसरा परिणाम तापविण्याचा. रेडिओच्या लहरींमुळें तारांत व वेटोळ्यांत विजेचे प्रवाह उत्पन्न होऊन त्यांचें टोंक तापतें. यासाठीं धातु चुंबकाकडे ओढला जाणारा असलाच पाहिजे असें नाहीं. चौथा परिणाम चित्र बिघडविण्याचा. धातूच्या भोंवतालचा भाग चित्रांत काळा किंवा वेडावांकडा उमटतो, आणि नेमका रोगाचा भागच दिसेनासा होतो.

सर्व धातूंची प्रकृति सारखी नसते. लोखंड, निकेल व कोबाल्ट हे चुंबकाकडे जोरानें ओढले जातात. सोनें, रुपें, तांबें, ॲल्युमिनियम, शिसें व टायटॅनियम हे ओढले जात नाहींत. पोलादाची गोष्ट चमत्कारिक आहे. स्वयंपाकघरांतील स्टीलच्या भांड्यांस लहान चुंबक लावून पाहावा. कांहींस तो चिकटतो, कांहींस चिकटत नाहीं. दोहोंतहि लोखंडच मुख्य असतें. परंतु क्रोमियम व निकेल विशिष्ट प्रमाणांत मिसळल्यानें अणूंची मांडणी बदलते आणि ओढ जवळजवळ नाहींशी होते. हाडांत बसविण्याच्या पट्ट्या व स्क्रू बहुधा अशा पोलादाचे किंवा टायटॅनियमचे असतात. हा प्रयोग भांड्यांवर करावा, अंगावर मुळींच करूं नये. घरचा चुंबक दुर्बळ असतो; तो चिकटला नाहीं म्हणून अंगांतील धातु निर्धोक ठरत नाहीं, आणि डोळ्याजवळ चुंबक नेणें तर घातुक होय.

डोळ्यांतील कण

धोक्याचें मान कण कोठें आहे यावर अवलंबून असतें. मांसल भागांत शिरलेल्या कणाभोंवतीं कालांतरानें तंतुमय आवरण तयार होतें व तें त्यास जागच्या जागीं धरून ठेवितें. म्हणून दंडांत किंवा मांडींत पुष्कळ वर्षें राहिलेला बारीक कण बहुधा त्रास देत नाहीं. मोठ्या रक्तवाहिनीजवळ, मज्जारज्जूजवळ अथवा मेंदूंत असलेला कण मात्र काळजीचा. सर्वांत नाजूक स्थान डोळ्याचें. नेत्रगोलाच्या आंत पारदर्शक व लिबलिबीत द्रव्य भरलेलें असतें. तेथें कणास घट्ट धरून ठेवील असें आवरण नीट तयार होत नाहीं, आणि त्या द्रव्यास लागूनच दृष्टिपटलाचा अत्यंत पातळ पडदा असतो. कण एखादा मिलिमीटर सरकला तरी तो पडदा फाटूं शकतो.

ही केवळ कल्पना नव्हे. १९८६ मध्यें अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याचा व्यवसाय पत्र्याच्या कामाचा होता. सुमारें २ मिलिमीटर रुंद व ३.५ मिलिमीटर लांब असा लोखंडी तुकडा त्याच्या डोळ्यांत राहून गेला होता, व त्याची कोणास वार्ता नव्हती. त्याच्या तपासणीचें यंत्र अवघें ०.३५ टेस्लाचें, म्हणजे आजच्या नेहमींच्या यंत्राच्या चौथ्या हिश्शाहूनहि कमी शक्तीचें होतें. तरी तो तुकडा हलला, डोळ्यांत रक्तस्राव झाला, व त्या डोळ्याची दृष्टि गेली. त्या दिवसापासून ‘डोळ्यांत कधीं धातूचा कण गेला होता काय?’ हा प्रश्न जगांतील यंत्रगृहांच्या दारांत विशेष कटाक्षानें विचारला जाऊं लागला.

असा कण डोळ्यांत जातो तरी कसा? लोहाराची किंवा गवंड्याची जुनी छिन्नी पाहावी. घणाचे घाव सोसून तिचें माथें फुलासारखें पसरलेलें असतें. पुढील घावास त्या पसरलेल्या कडेची बारीक कपची सुटते व बंदुकीच्या छर्र्याप्रमाणें उडते. ती इतक्या वेगानें जाते कीं, डोळ्यांत शिरतांना कधीं कधीं नुसता चिमटा बसल्यासारखें वाटतें. जखम लहान असल्यानें लवकर मिटते, आणि मनुष्य पुनः कामास लागतो. करमाळ्याच्या बाजूस अशीं कामें थोडीं नाहींत. उसाच्या ट्रॉल्या जोडणारीं दुकानें, साखर कारखान्यांतील कर्मशाळा, लेथ व ग्राइंडर चालविणारे कारागीर, विहिरीचा दगड फोडणारे मजूर, आणि दारोदार पाट्यावरवंट्यास टांकी लावून देणाऱ्या स्त्रिया, या सर्वांचे डोळे रोज या संकटासमोर उघडे असतात.

डोळ्यांत राहिलेलें लोखंड यंत्राच्या वाटेस न जातांहि अपाय करतें. तें हळूहळू गंजतें, व त्या गंजानें दृष्टिपटल निकामी होत जातें. म्हणून ‘आतां दुखत नाहीं’ एवढ्यावर समाधान मानूं नये.

अयस्कांताची जुनी विद्या

चुंबकास आपल्या पूर्वजांनीं अयस्कांत असें सुंदर नांव दिलें होतें. अयस् म्हणजे लोखंड, त्याचा तो कांत, म्हणजे आवडता. देहांत रुतलेल्या शल्याचा, म्हणजे बाणाग्रासारख्या परक्या वस्तूचा, विचार सुश्रुतानें फार बारकाईनें केला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शल्य काढण्याचे जे पंधरा उपाय दिले आहेत, त्यांत अयस्कांताची गणना आहे. त्यास घातलेल्या अटी मननीय आहेत. शल्य सरळ दिशेनें बाहेर येण्यासारखें असावें, त्यास मागें वळलेले कांटे नसावेत, तें घट्ट रुतलेलें नसावें, आणि जखमेचें तोंड मोठें असावें, अशा वेळींच हा उपाय सांगितला आहे.

युरोपांतहि चुंबकानें डोळ्यांतील लोखंड काढण्याचे प्रयत्न फार दिवसांचे आहेत. १८७९ मध्यें बर्लिनच्या हिर्शबर्ग यांनीं विजेच्या चुंबकानें डोळ्यांतील कण काढण्याची शस्त्रक्रिया केली, आणि १८९२ मध्यें झुरिकच्या हाब यांनीं त्यासाठीं प्रचंड चुंबक वापरण्यास आरंभ केला. म्हणजे तोच चुंबक एका हातांत डोळा वांचवितो, व दुसऱ्या प्रसंगीं डोळा घेतो. फरक एवढाच कीं, शस्त्रवैद्यास कण कोठें आहे, कोणत्या आकाराचा आहे व कोणत्या वाटेनें बाहेर येईल, हें आधीं ठाऊक असतें. तपासणीच्या यंत्रास कांहींहि ठाऊक नसतें. जें ज्ञान सुश्रुतानें अटी घालून मागितलें, तेंच ज्ञान आजचा तंत्रज्ञ प्रश्न विचारून मागत असतो.

डॉक्टर काय करतात

रुग्णानें शंका सांगितली म्हणजे तपासणी रद्दच होते, असें मुळींच नाहीं. डोळ्यांत कण गेल्याचा संशय असेल, तर आधीं डोळ्याचें क्ष-किरण चित्र घेतात. जरूर तर सी. टी. तपासणीहि करतात. चित्रांत धातु दिसला नाहीं, तर पुढें जाण्यास हरकत राहत नाहीं. दिसला, तर नेत्रवैद्याचा सल्ला घेतात, अथवा रोगाची माहिती दुसऱ्या रीतीनें मिळवितात. गोळी अगर छर्रा अंगांत असेल, तर तो कोणत्या धातूचा व कोठें आहे हें पाहतात. शिसें ओढलें जात नाहीं; पण कांहीं गोळ्यांस पोलादाचें वेष्टन असतें व कांहीं छर्रे पोलादाचेच असतात, म्हणून निर्णय तज्ज्ञानेंच करावयाचा असतो.

वैद्यकीय उपायांनीं बसविलेल्या वस्तूंचे तीन वर्ग मानितात. कांहीं या यंत्रांत पूर्ण निर्धोक. कांहीं ठराविक शक्तीच्या यंत्रांत व ठराविक अटींवर चालणाऱ्या. आणि कांहीं सर्वथा वर्ज्य. हाडांतील पक्क्या बसलेल्या पट्ट्या व सळया, गुडघ्याचे कृत्रिम सांधे, हृदयाच्या रक्तवाहिनींतील स्टेंट, दांतांत भरलेला धातु, यांपैकीं बहुतेकांस तपासणी करतां येते. हृदयाची गति राखणारा पेसमेकर, कानांत बसविलेलें श्रवणयंत्र, मेंदूंतील रक्तवाहिनीस लावलेली जुनी चिमटी, यांविषयीं मात्र त्या वस्तूचा नेमका प्रकार कळल्यावांचून पाऊल टाकीत नाहींत; आधुनिक पेसमेकरांपैकीं कित्येक अटींवर चालतात, पण जुने चालतीलच असें नाहीं. वस्तु बसविल्या वेळीं रुग्णालयानें दिलेलें लहान कार्ड येथें कामास येतें. तें कार्ड हरविणें म्हणजे पुढील डॉक्टरांस अंधारांत उभें करणें होय.

न सांगण्याचीं कारणें

सर्व व्यवस्था इतकी नीट असूनहि एक दुवा कच्चा राहतो, आणि तो यंत्राचा नसून आपला आहे. तंत्रज्ञ विचारतो, व आपण सांगत नाहीं. जाणूनबुजून लपविणारे थोडे. न सांगण्याचीं कारणें बहुधा निराळीं असतात.

पहिलें कारण विस्मृति. पंचवीस वर्षांपूर्वीं डोळ्यांत कांहीं उडालें, दोन दिवस डोळा लाल झाला, बरा झाला; ही गोष्ट सांगण्यासारखी आहे असें म्हाताऱ्या माणसास वाटतच नाहीं. दुसरें कारण घाई. बाहेर रांग असते, परतीची गाडी गांठावयाची असते, छापील कागद आपल्या भाषेंत असतोच असें नाहीं. मग बरोबरचा माणूस सगळ्या प्रश्नांपुढें ‘नाहीं’ लिहून मोकळा होतो. तिसरें कारण संकोच. जुन्या भांडणांत लागलेला छर्रा किंवा सासरीं न सांगितलेली शस्त्रक्रिया चार माणसांत बोलून दाखविणें जड जातें. अशा वेळीं तंत्रज्ञास एका बाजूस बोलावून सांगावें; तो रुग्णाची गोष्ट दुसऱ्यास सांगत नसतो. चौथें कारण असें कीं, ज्याचें शरीर त्यास विचारलेंच जात नाहीं. ‘आजोबांना काय कळतें?’ असें म्हणून नातूच उत्तर देतो. आजोबांच्या पायांत मोडलेली सुई नातवास कोठून ठाऊक असणार?

दागिन्यांचा प्रश्नहि येथेंच येतो. मंगळसूत्र उतरविण्यास आपल्या आयाबहिणींस वाईट वाटतें, व त्या भावनेचा मान ठेविलाच पाहिजे. परंतु सोनें जरी ओढलें जात नसलें, तरी साखळीचें वेटोळें तापून कातडी भाजण्याचा संभव असतो, आणि फांसे बहुधा कोणत्या धातूचे आहेत तें कळत नाहीं. पिंवळ्या दोऱ्यांत हळकुंड बांधून घालण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तेवढा वेळ ती पाळली म्हणजे मनाचें समाधान राहतें व देहहि सुरक्षित राहतो. घट्ट बसलेलीं जोडवीं आदल्या दिवशीं घरींच काढून ठेवावींत. करगोटा, ताईत, केंसांचे आंकडे, सेफ्टी पिना, जरीचें वस्त्र, घड्याळ, किल्ल्या, नाणीं, काढतां येणारी कवळी व कानाचें यंत्र, हें सर्व बाहेर राहावें. बरोबरच्या माणसानेंहि हा नियम पाळावा. नायर रुग्णालयांत मृत्यु पावलेला तरुण स्वतः रुग्ण नव्हता, हें विसरूं नये.

विद्यार्थ्यांचें कर्तव्य

विद्यार्थी बंधुभगिनींनो, या पाठांतून एक काम तुम्हीं करण्यासारखें आहे. घरांतील प्रत्येक वडील माणसाजवळ शांतपणें बसून पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरें एका वहींत लिहून ठेवावींत.

१. घण-छिन्नी, लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग अगर टांकीचें काम आपण कधीं केलें आहे काय? काम करतांना अगर जवळ उभें असतां डोळ्यांत कांहीं उडालें होतें काय? तें डॉक्टरांनीं पूर्ण काढलें काय?

२. सैन्यांत, पोलिसांत, शिकारींत, भांडणांत किंवा विहिरीच्या सुरुंगाच्या कामांत गोळी, छर्रा वा तुकडा अंगांत शिरला होता काय?

३. हातापायांत सुई, तार अगर खिळा मोडून राहिला आहे काय?

४. हृदय, मेंदु, कान, हाडें किंवा रक्तवाहिन्या यांवर शस्त्रक्रिया झाली आहे काय? कोणत्या सालीं, कोणत्या रुग्णालयांत, व तिचे कागद कोठें आहेत?

प्रत्येक उत्तरापुढें सालाचा अंदाज व शरीराची बाजू लिहावी. उजवा डोळा कीं डावा, हें लिहिण्यास विसरूं नये. रुग्णालयाचें कार्ड व जुने क्ष-किरण चित्र त्या वहीबरोबर एका पिशवींत ठेवावें. रुग्ण बेशुद्ध अवस्थेंत नेला जातो, तेव्हां त्याच्या वतीनें ही वहीच बोलते. जेथें निश्चित उत्तर मिळत नाहीं, तेथें ‘नाहीं’ असें न लिहितां ‘शंका आहे’ असें लिहावें. ‘नाहीं’ म्हटल्यावर तंत्रज्ञ पुढें जातो. ‘शंका आहे’ म्हटल्यावर तो थांबून क्ष-किरण चित्र घेतो. त्या चित्रास थोडा वेळ व थोडे पैसे लागतात. गेलेला डोळा मात्र कशानेंहि परत मिळत नाहीं.

याहूनहि चांगलें, म्हणजे कण डोळ्यांत जाऊंच न देणें. पालकांपैकीं जे लोखंडाचें किंवा दगडाचें काम करतात, त्यांनीं बाजूनें बंद असलेला संरक्षक चष्मा घातल्याशिवाय घण उचलूं नये, आणि छिन्नीचें पसरलेलें माथें वेळोवेळीं घांसून सारखें करावें. काम चाललें असतां मुलांनीं तोंड पुढें करून पाहत उभें राहूं नये. डोळ्यांत कांहीं उडाल्यास चोळूं नये, काडीनें किंवा पदराच्या टोंकानें काढूं नये, चुंबक तर लावूंच नये. डोळ्यावर दाब न येईल असें स्वच्छ झांकण बांधून त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें, व ‘लोखंडाचें काम करीत होतों’ हें आपण होऊन सांगावें.

एम्. आर्. आय्.चें यंत्र हें मनुष्याच्या बुद्धीचें मोठें देणें आहे. त्यास भ्यावयाचें कारण नाहीं, आणि गृहीतहि धरावयाचें नाहीं. अंगांतील लोखंड तें ओळखतें, पण ओढल्यावर ओळखतें. त्याच्या आधीं तें ओळखणें व सांगणें हें माणसाचें काम आहे. तेव्हां या सुट्टींत घरीं गेल्यावर आजीआजोबांस वरील प्रश्न अवश्य विचारावेत, आणि त्यांच्या तोंडून आलेलें उत्तर जसेंच्या तसें लिहून ठेवावें.